वाटाघाटींना निघताय? आधी टेबल मोजा

तर शत्रूच्या तुरुंगात पडलेल्या आपल्या माणसांबद्दल बोलायला सरकारने तुमची नेमणूक केलीय. अभिनंदन! आता एक करा, घाई करू नका. टेबलाचा आकार ठरेपर्यंत कैद्यांचा 'क'सुद्धा काढायचा नसतो. १९६८-६९ च्या हिवाळ्यात पॅरिसला व्हिएतनामवरच्या चर्चेत दोन महिन्यांहून जास्त काळ टेबलाचाच कीस पाडला गेला. शेवटी एक गोल टेबल, समोरासमोर दोन आयताकृती टेबलं आणि मध्ये फट बरोबर ४५ सेंटिमीटर! अमेरिकी वैमानिक एव्हरेट अल्वारेझ तेव्हा उत्तर व्हिएतनामच्या कोठडीत पाचवं वर्ष काढत होता. सुटला १९७३ मध्ये. टेबल मात्र झकास झालं होतं म्हणे.

मग शब्द. त्यांचा माणूस तुमच्या ताब्यात असेल तर त्याला चुकूनही 'युद्धकैदी' म्हणू नका. म्हटलंत की १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार १४३ कलमांचं बिऱ्हाड घेऊन दारात हजर. ७१ वं कलम तर म्हणतं, महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्या. लाड किती करायचे! हॅनोईने, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारने, अमेरिकी वैमानिकांना 'युद्धगुन्हेगार' ठरवलं, वॉशिंग्टनने २००२ मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातल्यांना 'बेकायदेशीर लढवय्ये'. जन्माचे वैरी, पण शब्दकोश एकच. (तुमचा माणूस त्यांच्या टीव्हीवर दिसला तर मात्र कैद्याचा तमाशा करू नका म्हणणारं १३ वं कलम घडाघडा म्हणून दाखवा.)

११८ वं कलम जरा त्रासाचं. लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडा, म्हणतं. सोपंय, थांबवू नका. 'ज्याला मायदेशी जायचंच नाही त्याचं काय?' या प्रश्नावर कोरियात डिसेंबर १९५१ ते जून १९५३ घोंगडं भिजत पडलं आणि बाहेर तोफा धडधडत राहिल्या. आणि थांबवलीच, तरी 'विनाविलंब' हा शब्द चांगला ताणला जातो. इराण-इराक युद्ध १९८८ ला थांबलं, कैद्यांची देवाणघेवाण २००३ पर्यंत पुरली.

फेरी संपली की 'सौहार्दपूर्ण वातावरणात सकारात्मक चर्चा' एवढं निवेदन काढा. बाहेर एखादी आई उभी असेल. विचारेल, "पकडताना त्याचा चष्मा फुटला होता. दुसरा मिळाला का हो?" चष्मा विषयपत्रिकेवर नव्हता, असं नम्रपणे सांगा. पुढच्या फेरीत नक्की घेऊ म्हणा. त्या फेरीचं टेबल अजून ठरायचंय, हे तेवढं बोलू नका.