दिवे नकोत, प्लग द्या

हॉटेलच्या खोलीतून जेवायला खाली जाताना लॅपटॉप चार्जिंगला लावला होता. परत आलो तर तो होता तिथंच, अकरा टक्क्यांवर. सकाळी प्रेझेंटेशन. दाराशेजारच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीचा प्राण जातो, त्यात प्लग पॉइंटही आले. मिनीबारचा फ्रिज मात्र चालूच. आतल्या कोल्ड्रिंकची एवढी काळजी, आणि माझ्या प्रेझेंटेशनची?

किल्लीऐवजी कार्ड ही कल्पना नॉर्वेच्या टोर सॉर्नेस यांची, 1970च्या दशकातली. तेव्हा त्यात छिद्रं असायची. त्यांनी बिचाऱ्यांनी कुलूप उघडायला कार्ड काढलं. विजेचा कारभार त्याच्या गळ्यात नंतर कुणीतरी मारला.

रिसेप्शनला फोन केला. ‘दुसरं कार्ड दुसऱ्या गेस्टलाच मिळतं, सर.’

‘दुसरा गेस्ट नाहीये.’

‘मग कार्डही नाही, सर.’

शेवटी मेंटेनन्सचा माणूस वर पाठवला. हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर झोप. त्यानं खाचेत टॉर्च मारला, कार्ड घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

‘काही बिघाड नाही साहेब. एकदम ओके.’

‘ओके आहे हेच तर दुखणं आहे!’

‘व्हिजिटिंग कार्ड घालून बघितलं?’

घातलं. अंधार. त्यानं पाकीट मागितलं आणि मी चक्क दिलं. मग जिमचं कार्ड, लायब्ररीचं कार्ड, जुन्या कंपनीचं ओळखपत्र, एकेक करून सगळ्यांना संधी मिळाली. ओळखपत्रावरचा माझा फोटो त्यानं टॉर्चच्या उजेडात जरा जास्तच वेळ न्याहाळला. ‘केस होते तेव्हा,’ म्हणाला.

‘जुन्या खाचेत आत नुसतं बटण असायचं,’ तो पाकीट परत देत म्हणाला, ‘पुठ्ठा घातला तरी लाइट. ही खाच कार्डातली चिप वाचते. आमच्याच कार्डाला ओळखते.’

‘हे आधीच माहीत होतं ना तुम्हाला?’

‘होतं की. पण गेस्ट लोकांना घालून बघायचंच असतं. समाधान होतं.’

मी म्हटलं, निदान उशाजवळ तरी पॉइंट दाखवा. तो गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शिरला. आतून आनंदाचा आवाज आला, ‘आहे, आहे!’

‘मग पलंग सरकवा.’

‘भिंतीला बोल्ट केलाय, साहेब.’

‘फ्रिजचा पॉइंट चालू असतो. तो द्या.’

तो बाहेर आला, गुडघे झटकले आणि दुखावल्या चेहऱ्यानं म्हणाला, ‘फ्रिजचा पॉइंट फ्रिजचा असतो.’ दारापर्यंत गेला, वळला. ‘मी गेल्यावर तुम्ही काय करता, ते मला थोडंच दिसणार आहे?’

फ्रिज ओढला, प्लग काढला, लॅपटॉप लावला.

झोप नाहीच. नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग पुरता झोपत नाही, पहारा देतो, असं ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं होतं. माझा डावा भाग रात्रभर चार्जिंगचा दिवा बघत होता, आणि उजवा मनातल्या मनात मॅनेजरशी भांडत होता. उशांचा मेन्यू आहे यांच्याकडे! कडक, मऊ, मानेची, कुशीची. चपला कागदात गुंडाळून. टॉयलेट पेपरच्या टोकाला त्रिकोणी घडी. ही घडी कुणाला हवी असते? कामासाठी आलेल्या माणसाला एक जागता प्लग, हात पोचेल तिथं, एवढं पुरतं. पण त्याचा फोटो चांगला येत नसावा.

सकाळी बिलात एक कोल्ड्रिंक.

‘मी घेतलंच नाही. बाटली भरलेली आहे, बघून या.’

‘सिस्टीममध्ये उचललेली दाखवतंय, सर.’

फ्रिज ओढताना कलंडली असणार. त्या फ्रिजला सेन्सर आहे, बाटली जागची हलली की लगेच नोंद. म्हणजे सगळी हुशारी तिथं खर्च झाली आहे. टॅक्सी खोळंबली होती, पैसे भरले. आज अकाउंट्सनं ती ओळ लाल शाईनं खोडून बिल परत पाठवलंय. शेरा: ‘वैयक्तिक चैन. मंजूर नाही.’