तठे मानसं बोलतस नही का?

तीस वर्षं मी अमळनेरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. जपान दरवर्षी यायचा. होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू ही चार बेटं मुलं एका दमात म्हणायची, मी फळ्यावर एक ज्वालामुखी काढायचो आणि घंटा व्हायची. निवृत्त झाल्यावर लेकीनं तिकडून फोन केला, "बाबा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या, साकुरा, म्हणजे तिकडची चेरी, फुललेला असतो," तेव्हा मला वाटलं, जाऊन येऊ, देश ओळखीचाच आहे.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. आमच्या गल्लीतलं कोणी मुंबईच्या पलीकडे गेलेलं नाही, त्यामुळे सगळ्यांना परदेशाची पक्की माहिती होती. एकानं कमरेला पट्टा बांधून त्यात पैसे ठेवायला सांगितले. दुसऱ्यानं विमानात कान दुखू नयेत म्हणून लवंग दिली. ती कानात घालायची की तोंडात, हे त्यालाही माहीत नव्हतं. समोरच्या आक्का रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन आमच्या अहिराणीत एकच वाक्य म्हणायच्या, "भुक्या मरशात तठे!" म्हणजे तिकडं उपाशी मराल, आणि उठून जायच्या.

आक्कांची भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. आमची मंडळी माळकरी. जपानी स्वयंपाकाचा पायाच दाशी नावाचं पाणी, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाचं. वाटीत मासा दिसत नाही, सूप दिसायला आपल्या वरणाच्या पाण्यासारखं निवळ, पण मासा असतोच. आपल्याकडं 'शाकाहारी' म्हटलं की विषय संपतो. तिकडं 'मांस नको, मासा नको, दाशीही नको' असं वेगवेगळं सांगावं लागतं. लेकीनं तसा जपानी मजकूर कागदावर लिहून पाठवला. हिनं तो देव्हाऱ्यात ठेवून दिला.

लेकीच्या सूचना मात्र रोज व्हिडिओ कॉलवर यायच्या, आणि त्या सगळ्या आमच्या स्वभावाच्या विरुद्ध. टिप द्यायची नाही, माणसं गोंधळतात. (ही सूचना मी लगेच मान्य केली.) कचरा खिशात ठेवून घरी आणायचा, कारण १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला तेव्हापासून पुष्कळ ठिकाणच्या कचरापेट्या काढूनच टाकल्या. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडं उभं राहायचं, ओसाकात उजवीकडं. "आणि मध्ये कुठं नाशिक-बिशिक लागलं तर?" असं मी विचारलं, त्यावर ती हसली नाही.

दारात पादत्राणं काढायची, घरातल्या सपाता घालायच्या. संडासात गेलं की त्या बाहेर ठेवून तिथल्या वेगळ्या सपाता घालायच्या, आणि येताना त्या तशाच पायात घेऊन दिवाणखान्यात यायचं नाही. चटईच्या खोलीत तर सपाताही नकोत, नुसते मोजे. "म्हणून बाबा, लेस नसलेले बूट घ्या, आणि भोकं नसलेले मोजे."

मोजे मी सहा जोड घेतले. बूट मात्र लेसचेच. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार, मास्तर माणूस, पायात काहीतरी भारदस्त हवं. जळगावच्या फुले मार्केटात पारा बेचाळिसाच्या पुढे असताना मी एका दुकानात काळे बूट घेतले आणि शेजारच्या दुकानात स्वेटर मागितलं. दुकानदारानं आधी मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "सर, सोबत कोणी आहे का?"

बूट खोक्यातच राहणार होते. आमच्याकडची धूळ त्यांना लागू द्यायची नाही, मुंबईच्या विमानतळावर पोचल्यावरच घालायचे, असं मी जाहीर केलं. ही काही बोलली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

काड्यांनी जेवायचा सराव मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काड्यांवर केला. सोलून, घासून दोन छान काड्या तयार केल्या आणि पहिल्याच दिवशी शेवभाजीला हात घातला. आता मला कळतं की नवशिक्यानं शेवभाजीपासून सुरुवात करू नये. शेव एक-एक करून वर येते, रस्सा मात्र सगळा सदऱ्यावर येतो. मग भात घेतला. तो बऱ्यापैकी जमला, म्हणून पाणी प्यायला काड्या भातात उभ्या खोचून ठेवल्या, तेवढ्यात कॉल आला आणि लेक पडद्यातून किंचाळली, "बाबा, काढा त्या!" भातात उभ्या काड्या तिकडं मेलेल्या माणसाच्या नैवेद्याला असतात. काडीतून काडीत घास द्यायचा नाही, तेही अंत्यविधीचंच. हिनं ताट उचललं, "तिथंही हातानंच जेवा," म्हणाली, आणि काड्या चुलीत घातल्या.

पण खरा प्रश्न जेवणाचा नव्हता. लेक म्हणाली, "गाडीत बोलायचं नाही. फोन आवाज बंद करून ठेवायचा, आला तरी घ्यायचा नाही. हळू कुजबुजलं तर चालतं."

आता खान्देशी माणसाला कुजबुज ही गोष्टच माहीत नाही. आमच्याकडं 'चहा घे' हे वाक्य एका शेतातून तिसऱ्या शेतात ऐकू जातं. दोन माणसं प्रेमानं बोलत असतील तर बाहेरचा माणूस भांडण सोडवायला येतो. तेव्हा सराव आवश्यक होता. मी सुरत-भुसावळ पॅसेंजरनं अमळनेरहून जळगावला जायचं ठरवलं, तोंड न उघडता.

खिडकीजवळची जागा मिळाली. फोन बंद, हात मांडीवर, नजर खाली. पाच मिनिटांत समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "सर, कथा चालनात?" म्हणजे कुठं निघालात. मी मान थोडी झुकवून हसलो. ती जपानी पद्धत. त्यानं शेजारच्याकडं पाहिलं. शेजारचा म्हणाला, "तब्येत बरी नही का तुम्हनी?" मी पुन्हा झुकलो. धरणगाव येईपर्यंत डब्यात एकमत झालं होतं. एका बाईनं माझ्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि हळूच, म्हणजे तिच्या मते हळूच, विचारलं, "घरमा काही वाईट व्हयनं का भाऊ?" तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी निघाला. त्यानं मला पाहिलं, म्हाताऱ्याचं ऐकलं आणि माझ्या घरी फोन लावला. जळगावला उतरल्यावर मी फोन चालू केला तर हिचे अकरा मिस्ड कॉल, आणि चोपड्याहून जिभाऊ निघालेले.

जिभाऊ म्हणजे माझे चुलतभाऊ, केळीवाले. ते थेट घरी येऊन बसले. मी काय झालं ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तठे मानसं बोलतस नही का?"

"बोलतात ना, जिभाऊ. फक्त गाडीत नाही."

"मंग गाडीमा बठीसन करतस काय?"

तीस वर्षं भूगोल शिकवून याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

जिभाऊंनी येताना पाटीभर केळी आणि खाली चार भरिताची वांगी आणली होती, पोरीसाठी. ताजी फळं, भाजी तिकडच्या देशात तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाही, हे मी सांगितलं. जिभाऊ खवळले. "दाखला शे ना! जळगावनी केळीले सरकारनं मानांकन देल शे!" भौगोलिक मानांकन २०१६ सालचं, खरं आहे, वांग्यालाही आहे, पण ते नावाचं, किडीचं नव्हे, हा फरक मी अर्धा तास समजावला. शेवटी केळी गल्लीत वाटली. वांग्यांचं भरीत त्याच रात्री झालं, आणि परदेशाच्या तयारीतलं तेवढंच एक काम चोख पार पडलं.

औषधांचं मात्र मी गंभीरपणे घेतलं, आणि जाणाऱ्यानं घ्यावंच. आपल्याकडं सर्दीची म्हणून सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध असतं; त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल तर ती गोळी जपानमध्ये चालत नाही. म्हणून आक्कांनी दिलेली सर्दीची पुडी घरीच ठेवली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याभराच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. चार्जरची गोल पिन तिकडं बसत नाही, दोन चपट्या पट्ट्यांची लागते, ती घेतली. घड्याळ साडेतीन तास पुढं करायचं, ते विमानात करू म्हटलं. शब्द दोनच पाठ केले. 'सुमिमासेन' म्हणजे माफ करा, आणि 'हाय' म्हणजे हो. जिभाऊंना हा दुसरा शब्द आवडला. अहिराणीत 'हाई' म्हणजे 'हे'. "हाई काय शे, असं इचारशात तर ते हो म्हनतीन," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच जपानविषयी त्यांचं मत जरा बरं झालं.

तिकिटावर माणशी २३ किलो. बॅग शेजारच्या अडत्याच्या काट्यावर ठेवली, सत्तावीस भरली. हिनं माझं स्वेटर काढलं, मी तिचं लोणचं काढलं, तिनं ते परत घातलं. या मार्चमध्ये गच्चीवर वाळवलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, तेवढे राहिले. ते बॅगेत चुरा होतील, म्हणून नेऊच नये असं मी ठामपणे सांगितलं. ही "बरं" म्हणाली.

गाडीत रात्रभर तिनं माझ्या बुटांचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. वरच्या बर्थवर चढतानाही आधी खोकं वर, मग स्वतः. मला भरून आलं. म्हटलं, बुटांची किंमत हिला कळली.

विमानतळावर दारापाशीच्या बाकावर बसलो, सँडल काढले, नवे मोजे चढवले आणि खोकं उघडलं. आत कापडात गुंडाळलेले बिबडे. एकही तुटलेला नव्हता.

मी हिच्याकडं पाहिलं.

"तिथं दारातच काढायचे आहेत ना?" ही म्हणाली. "मग इथून घालून कशाला न्यायचे?"

"आणि बूट?"

"पलंगाखाली आहेत. धूळ लागायची नाही."