आफ्रिकन ढोलवादन म्हणजे वाटेल तसं बडवणं नव्हे

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘शाळांनी मुलांना आफ्रिकन ड्रमिंग द्यावं. त्याला ताल नाही, अर्थ नाही, शिकावं लागत नाही. हाताने वाटेल तसं बडवा, ताण निघून जातो.’ मुलांच्या हाती ढोल द्यावा, हे मला पूर्ण मान्य आहे. मी मुलांना ताल शिकवते, म्हणूनच पुढची वाक्यं सोडवत नाहीत.

‘ताल नाही’ हे साफ चूक. घानाच्या आग्नेय भागात आणि शेजारच्या टोगोत एवे लोक राहतात. त्यांच्या अग्बाद्झा नृत्याचं सगळं वादन गांकोग्वी या लोखंडी जोडघंटेच्या आधाराने चालतं. बारा मात्रांच्या आवर्तनात घंटेचे सात आघात: १, ३, ५, ६, ८, १०, १२. ठेक्याची पावलं मात्र १, ४, ७, १० वर. म्हणजे घंटा आणि पाऊल भेटतात फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेला. सहावीच्या वर्गात मी हे घंटेऐवजी टाळीवर करून घेतलं. सातव्या मात्रेला पाय पडतो आणि टाळी गप्प राहायला हवी. तिथे निम्म्या वर्गाची टाळी पायामागे जायची. मग बाराही आकडे म्हणायला लावले, टाळीचे मोठ्याने, बाकीचे ओठातल्या ओठात. चौथ्या तासाला एक मुलगी म्हणाली, “बाई, आता पाय टाळीला ओढत नाही.” त्यावर कागान हा छोटा ढोल चढवायचा: तो पावलावर वाजतच नाही, दर पावलानंतरच्या दोन मात्रा तेवढ्या भरतो. हे वाटेल तसं बडवून कसं जमेल?

‘अर्थ नाही’ म्हणणाऱ्यांनी घानातल्याच अकान लोकांचे अतुम्पान ऐकावेत. एक उंच स्वराचा आणि एक खालच्या, असे ते दोन ढोल. ट्वी भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो आणि वादक तोच चढउतार ढोलांवर काढतो. तिथे ढोल चक्क वाक्यं बोलतो.

‘शिकावं लागत नाही’ हा समज बहुधा वहीत लिहिलेलं काही दिसत नाही म्हणून झाला असावा. आपल्याकडे तबला आधी बोलांतून तोंडी येतो, तसेच एवे ढोलांचे आघातही तोंडाने म्हणून शिकवतात. घानाचे संगीतशास्त्रज्ञ क्वाबेना न्केतिया (१९२१–२०१९) यांनी तर अशा परंपरांच्या अभ्यासात हयात घालवली.

राहिलं ‘आफ्रिकन ड्रम’ आणि ‘हाताने’. फोटोत नेहमी दिसतो तो जेंबे गिनी आणि मालीतल्या मांदे लोकांचा. तो हातानेच वाजतो, पण त्याच्या सोबतीचे दुनदुन ढोल काठीने. कागानही काठीनेच. एकाच ओंडक्यातून कोरलेले बुरुंडीचे मोठे ढोलही काठ्यांनीच घुमतात. ते वादन २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

ताण हलका होतो, हे मीही पाहिलंय. पण वर्ग खुलला तो सगळ्यांची सातवी मात्रा एकदम गप्प राहिली तेव्हा. तीस जेंबे विकत घ्यायला निघालेल्या शाळांना माझं एवढंच सांगणं: पहिला महिना टाळी आणि पाय पुरेत. घंटा हवीच असेल तर एक जाड लोखंडी पट्टी आणि खिळाही चालतो.