आधी सरस भिजवा

‘वास्तवदर्शी चित्रकला ही इंग्रजांकडून आलेली उसनवारी. ती आपली नव्हेच, तेव्हा पोर्ट्रेट आणि लाइफचे (समोर मॉडेल बसवून रेखाटण्याचे) वर्ग बंद करा.’ हा वाद तिकडे महाराष्ट्रात पुन्हा निघाला आहे. फ्लॉरेन्समध्ये बसून तो वाचताना डोकं फिरतं. ‘आपली’ म्हणण्याचा हक्क एखाद्या गावाला असेल तर तो या गावाला आहे, आणि इथे तरी ती नुसती ‘आपली’ कुठे राहिली?

पिएत्रो अन्निगोनीला इथे जुन्या वळणाचा शेवटचा मोठा चित्रकार मानतात. १९४७ साली त्याने वास्तववादी चित्रकारांचा जाहीरनामा काढला. सोबतचा शिल्तियान होता रशियात जन्मलेला आर्मेनियन आणि ब्वेनो बंधू स्पॅनिश. ज्या तेलमिश्रित टेम्पेरात, म्हणजे अंड्यात कालवलेल्या रंगात, अन्निगोनी रंगवायचा, तो त्याला उमगला लोखॉफ नावाच्या रशियन चित्रकाराकडून. इथला चित्रकार फिलादेल्फो सीमी पॅरिसला जेरोम या फ्रेंच चित्रकाराकडे शिकून आला, त्याची मुलगी नेरीना आयुष्यभर इथे ड्रॉइंग शिकवत राहिली, आणि आज समोर मॉडेल बसवून तसंच ड्रॉइंग घटवून घेणारी एक नावाजलेली शाळा १९९१ साली डॅनियल ग्रेव्हज या अमेरिकन माणसाने काढली.

मग हे सगळं इटालियन कशामुळे? माझं उत्तर: कामाच्या रीतीमुळे. आणि तिकडच्या वादात नेमका तिचाच पत्ता नसतो.

चित्र रंगवायच्या लाकडी फळीचं अस्तर घ्या. मेस्तिकेरियातून, म्हणजे रंगसामानाच्या दुकानातून, सशाच्या कातड्याचा सरस आणायचा, ७० ग्रॅम. एक लिटर पाण्यात रात्रभर फुगवायचा आणि दुहेरी भांड्यात कोमट करायचा. उकळला की पकड गेली. खडूची पूड त्यात चाळणीतून सोडायची आणि आपोआप बुडू द्यायची. घाईने ढवळली तर बुडबुडे येतात आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. असे आठ पातळ हात. वरच्या हातात सरस खालच्यापेक्षा जड झाला, तर तो आक्रसताना खालच्या थराला ओढतो आणि अस्तर तडकतं.

त्यावरचा टेम्पेरा असा. एक अख्खं अंडं बाटलीत फोडायचं. त्याच्या निम्म्या मापाचं दाट जवसाचं तेल थोडं थोडं घालत बाटली हलवत राहायची, मग तेवढंच दामार राळेचं वार्निश, आणि पाणी अगदी शेवटी. तेल एकदम ओतलं की मिश्रण फुटतं, वर तवंग येतो. तेल जास्त झालं तर पुढे चित्र पिवळं पडतं. चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचं फिकट बलक घ्यावं आणि म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्याला खेड्यातल्या कोंबडीचं लालसर. परंपरा म्हणतात ती ही!

ती येत असली की मोडताही येते. निकोला सामोरी हा इटालियन चित्रकार, १९७७ चा जन्म, बरोक (सतराव्या शतकातल्या युरोपीय) वळणाचा चेहरा तांब्याच्या पत्र्यावर नीट रंगवतो. वरच्या रंगाला साय धरते, आत तो ओलाच असतो. तेव्हा तो कपाळापासून ती साय सोलून खाली लोंबू देतो. रंग किती तासांनी साय धरतो हे हाताला ठाऊक नसेल तर हाती नुसता चिखल येईल. २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात इटलीच्या दालनात त्याचं काम होतं. त्याला जुनाट म्हणताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

चित्रकार धुरंधर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत ग्रिफिथ्स या ब्रिटिश शिक्षकाच्या हाताखाली शिकले, म्हणून कोल्हापूरचे उरले नाहीत? सावंतवाडीच्या हळदणकरांनी जलरंगात समईचा उजेड मुलीच्या बोटांतून आरपार लाल दाखवला, तो इंग्रजांचा? तिकडे सरस सुतार वापरतो, जवसाचं तेल बाजारात मिळतं, भित्तिचित्राला लागणारा कळीचा चुना विरवणारी माणसं अजून आहेत. तरी चित्र कशाचं बनतं यावर एक ओळ नाही, आणि ते कुणाचं यावर रकानेच्या रकाने.

हा राग नुसता चित्रांसाठी नाही, हेही कबूल करतो. दुसऱ्याकडून शिकलेलं आपलं होत नसेल, तर इतकी वर्षं इथे राहून इथलं जे अंगी लागलं ते माझं नाही. आणि ते लागल्यावर तिकडचं माझं किती उरलं, हेही तीच माणसं ठरवणार. वर्ग बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी लाइफच्या वर्गात एक सकाळ काढावी, आणि मॉडेलच्या कोपराशी उजेड वळतो तिथे रेखाटनाचा कोळसा कसा अडतो ते बघावं.