फ्रँक हर्लीच्या ‘बनावट’ छायाचित्रांविषयी

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेवर गेलेला ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार फ्रँक हर्ली हा साहसवीर नव्हे, तर चित्रे जोडून लोकांना फसविणारा कारागीर होता आणि मी लेखात त्याचे दोष झाकले, असा आपला आक्षेप आहे. त्यातले झाकल्याचे मला मान्य आहे. जहाज बुडाल्यावर मोहिमेने आसरा घेतलेल्या, अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरील ‘सुटके’चे म्हणून त्याने दाखविलेले छायाचित्र खरे तर मोहिमेचा प्रमुख शॅकल्टन आणि पाच सोबती २४ एप्रिल १९१६ रोजी ‘जेम्स केर्ड’ या होडीतून मदत आणायला निघाले तेव्हाचे आहे. मागे राहिलेल्या बावीस जणांची सुटका झाली ती ३० ऑगस्टला. लेखाची रंगत जाईल म्हणून मी हे लिहिले नाही.

पण त्या बेटावर हर्लीजवळ उरले होते काय? कोडॅकचा एक छोटा कॅमेरा आणि फिल्मचे तीन रोल. त्याआधी १९१५ मध्ये मोहिमेचे ‘एंड्युरन्स’ जहाज बर्फाने चिरडले, तेव्हा काचेच्या निगेटिव्ह पाणी भरलेल्या भागात अडकल्या होत्या. त्या काढण्यासाठी हा माणूस कपडे उतरवून गोठत्या पाण्यात शिरला. डाख देऊन बंद केलेल्या डब्यांमुळे त्या वाचल्या. पुढे होड्यांत एवढे वजन नेणे शक्य नव्हते, म्हणून शॅकल्टन आणि तो बर्फावर बसून एकेक काच पाहत गेले, सुमारे १२० ठेवल्या आणि पुन्हा मोह होऊ नये म्हणून उरलेल्या सुमारे ४०० तिथेच फोडल्या. (नवी पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत अशा काचांचा लहानसा खोका मी उचलून पाहिला आहे, जिना उतरेपर्यंत हात भरून आले.)

पहिल्या महायुद्धात हर्लीने काढलेल्या १९१७ च्या युद्धचित्रांबाबत मात्र मी आपल्याच बाजूचा आहे. एका चौकटीत लढाई मावत नाही, हे हर्लीचे म्हणणे खरे असले, तरी अनेक निगेटिव्ह जोडून केलेल्या चित्रांना ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्धवार्ताहर चार्ल्स बीन यांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. आपल्या सोलापुरातल्या स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्यापुढे बसून फोटो काढणाऱ्या जोडप्याला आणि तो पाहणाऱ्या पाहुण्यांना पडदा ठाऊक असे. हर्लीच्या प्रेक्षकाला तो ठाऊक नव्हता.

मूळ लेखात त्या छायाचित्राखालची ओळ आज बदलली आहे. शीर्षकातील ‘साहसी’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे.