शिसं उकळत नाही, म्हणून ते घरात येत नाही?

अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा एक दावा आता तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅपवरही पोचलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘क्ले टार्गेटच्या (हवेत उडवून बंदुकीने फोडायच्या तबकड्यांच्या) मैदानातून गोळा केलेले जुने छर्रे घ्या. गोळ्या ओतायला तयार मिश्रधातू आहे, शिवाय स्वस्त. शिसं 327 अंशांना वितळतं आणि 1749 अंशांना उकळतं, त्यामुळे घरच्या भांड्यात त्याची वाफ होतच नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवा, बास. छर्रे ओले असले तरी चालतं, पाणी उडून जातं. आमच्या आजोबांनी जन्मभर हेच केलं आणि नव्वदीत गेले.’

मी शिरोलीच्या एका ओतशाळेत उमेदवारी केली आणि गेली अठरा वर्षं ओहायोत कारखान्यांमधली हवा नि धूळ मोजण्याचं काम करतो. हा मजकूर मला पाठवणारा मित्र स्वतः छर्रे वितळवतो आणि त्याच्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे. म्हणून हे लिहितोय. (भारतात वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. तेव्हा इथे बोलतोय ते तिकडच्या छंदाबद्दल.)

आधी ‘वाफ होत नाही’ हे घेऊ, कारण सगळा मजकूर त्याच वाक्यावर उभा आहे. आकडे बरोबर आहेत. चारशे अंशांच्या आसपास शिशाची वाफ खरोखरच नगण्य असते. पण घरात शिसं वाफेच्या रूपाने येतं, हे ठरवलं कुणी? वितळलेल्या शिशावर काही मिनिटांत करडी-पिवळसर साय धरते. ते शिशाचं ऑक्साइड. ढवळताना, चमच्याने ती साय काढताना, डब्यात टाकताना ती पिठासारखी उडते. टेबलावर बसते, बाहीवर बसते, केसांत बसते. दार उघडं असलं तर वाऱ्याने आणखी पसरते, आणि गॅरेज अनेक घरांत स्वयंपाकघराला लागूनच असतं.

गेल्या महिन्यात मित्राच्या गॅरेजात गेलो होतो. सगळं नीटनेटकं. फरशी झाडलेली, भांडं थंड, कोपऱ्यात छर्र्यांची बादली. मी पिशवीतून शिसं तपासायच्या काड्या काढल्या. ही काडी ओली करून घासायची. शिसं असेल तर ती गुलाबी-लाल होते. टेबलावर लाल झाली, त्याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही. झाडूच्या मुठीवर झाली. मग मी गाडीच्या स्टिअरिंगवर घासली, तिथेही लाल. शेवटची काडी मागच्या सीटवर, मुलीच्या खुर्चीच्या पट्ट्याच्या बकलावर फिरवली. रंग यायला थोडा वेळ लागला, पण आला. ते बकल रोज सकाळी तोच लावतो. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आता मात्रा बघा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2021मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी लक्ष घालण्याची पातळी डेसिलीटरला (100 मिलीलीटरला) 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली, आणि त्याखालीही ‘सुरक्षित’ अशी पातळी सापडलेली नाही, हेही तीच संस्था सांगते. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगात साधारण एक लीटर रक्त. म्हणजे अख्ख्या रक्तात मिळून 35 मायक्रोग्रॅमच्या आसपास. जेवणातल्या मिठाचा एक दाणा याहून जड असतो. मोठा माणूस पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शोषतो, लहान मूल निम्म्यापर्यंत. आणि लहान मूल हात तोंडात घालतंच.

सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत 2007-08मध्ये काही महिन्यांत 18 मुलं शिशाच्या विषबाधेने गेली. तिथे लोक जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाने भरलेली माती घरी आणून चाळत होते. धातू तिथे कुणी 1749 अंशांपर्यंत तापवला नव्हता. धूळच पुरली. मैदानातली माती चाळून छर्रे वेगळे करणं ही त्याच जातीची कृती आहे. प्रमाण लहान आहे, हे मान्य.

दुसरं, ‘तयार मिश्रधातू’. अर्धवट खरं. छर्रे शुद्ध शिशाचे नसतात, कडकपणासाठी त्यांत अँटिमनी हे दुसरं मूलद्रव्य असतं. साध्या छर्र्यांत दोन टक्क्यांच्या आगेमागे, कडक प्रकारात सहापर्यंत. पण मैदानातल्या बादलीत चाळीस वर्षांचे, वेगवेगळ्या कारखान्यांचे छर्रे एकत्र असतात. अमेरिकेत 1991पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद झाले आणि पोलादी छर्रे रुळले. तेही त्याच मातीत येतात. पोलाद वितळत नाही, वर तरंगतं, म्हणून ते तरी दिसतं. अँटिमनी किती आलं ते दिसत नाही. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा (धातू किती कडक ते सांगणारा आकडा) 5च्या आसपास, ओतीव गोळ्यांसाठी नावाजलेल्या मिश्रधातूचा 15च्या आसपास. तुमची बादली यांच्यामध्ये कुठे बसते हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय साचा नीट भरायला लागणारं कथील छर्र्यांत जवळजवळ नसतंच.

मजकुरात ज्याचं नावही नाही ते म्हणजे आर्सेनिक. थेंब गोल व्हावेत म्हणून ते छर्र्यांत थोडं घालतात. 1749चा आकडा शिशाचा आहे; आर्सेनिक 615 अंशांच्या आसपास न वितळता थेट वाफ होतं, आणि त्याचं ऑक्साइड, म्हणजे आपला सोमल, त्याच्याही बराच आधी उडतो. प्रमाण थोडं असतं, पण एका धातूचा उत्कलनबिंदू सगळ्या मिश्रणाला लावणं चूकच. आणि बादलीतले ते केशरी तुकडे? ते फुटलेल्या क्ले टार्गेटचे. नाव ‘क्ले’ असलं तरी त्यांत चुनखडीच्या भुकटीबरोबर डांबराच्या जातीचा पदार्थ असतो. तो तापला की जो काळा धूर निघतो, त्यातली संयुगं कर्करोगाशी जोडलेली आहेत.

‘ओले चालतात’ हे वाक्य तर कुणीही पुढे पाठवू नये. शिरोलीत पहिल्या आठवड्यात आमच्या मिस्त्रींनी मला एकच शिकवलं होतं: पळी आधी तापव, मगच धातूला लाव. थंड पळीवर दमट हवेचं दव असतं, तेवढंही पुरतं. पाण्याची वाफ झाली की जागा साधारण सतराशे पट लागते. कोरड्या भांड्यात छर्रे घालून सावकाश तापवले तर ओल निघून जाते, तिथवर मजकूर बरोबर आहे. पण भांड्यात आधीच वितळलेलं शिसं असताना वरून ओंजळभर दमट छर्रे टाकले, तर पाणी धातूखाली अडकतं आणि सगळं शिसं तोंडावर येतं. बहुतेक लोक भांडं असंच भरतात, चालू असताना वरून.

राहिले आजोबा. त्यांच्याबद्दल आदर ठेवून विचारतो, त्यांच्या रक्तातलं शिसं कधी मोजलं होतं का? रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत ते दशकानुदशकं राहतं. मोठ्या माणसात ते रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंडं बिघडवतं. ‘वयानुसार बीपी आहे’ म्हणून जे खपून गेलं, त्यात शिशाचा वाटा किती होता हे आता कुणालाच कळणार नाही. आणि त्या घरातल्या लहान मुलांचं काय झालं, ते मजकुरात लिहिलेलं नाही.

ज्यांना हा छंद सोडायचाच नाही त्यांनी निदान तो घराबाहेर, वेगळ्या शेडमध्ये, वेगळ्या कपड्या-चपलांत करावा. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. फरशी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. साधा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, तो बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो.

मित्राने त्या संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवरची खुर्ची बाहेर काढली आणि मुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. दंडातून रक्त घेऊन तपासणी करायची ठरलीय, येत्या मंगळवारी. बोटाला टोचून घेतलेलं रक्त नको, असं मीच सांगितलं. कातडीवर धूळ असेल तर आकडा चुकतो.