फरारी म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "आपला वॉचमन फरारी निघाला, पोलीस आलेत वॉरंट घेऊन." खाली चार हसणारे चेहरे. आणि एकाचं, "असल्यांना ठेवतं कोण?"

मी खाली गेलो. काका खुर्चीच्या कडेवर टेकलेले, टोपी हातात. भानगड काय, तर गावाकडच्या पतसंस्थेचं कर्ज, चेक बाऊन्स झालेला आणि मागच्या महिन्यातली कोर्टाची तारीख चुकलेली. का चुकली? बदली माणूस मिळाला नाही म्हणून. म्हणजे त्या दिवशी हा माणूस आपल्याच गेटवर उभा होता, आपल्याच गाड्यांना सलाम ठोकत. आणि हा फरारी!

'फरारी आर्थिक गुन्हेगार' असा कायदाच आहे, २०१८ सालचा. त्यात बसायला किमान १०० कोटींचा मामला लागतो. काकांचा चेक ४२ हजारांचा आहे. तोही कर्ज देतानाच कोरा सही करून घेतलेला, आकडा नंतर भरलेला.

माझं डोकं का फिरलं, ते सांगतो. फेब्रुवारी २०२२. एसटीचा संप चालू होता. आमच्या आप्पांची तालुक्याला तारीख होती, कांद्यात बुडालेल्या पैशांची, असाच चेक. पहाटे उठून वडापची वाट बघत बसले. जीप भरल्याशिवाय तो हलेना. कोर्टात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. शिपायाने तीनदा पुकारा करून झालेला. आप्पांना ते कुणी सांगितलंच नाही. संध्याकाळी पाचपर्यंत ते बाकावर बसून होते, आपलं नाव येईल म्हणून. पिशवीतली भाकरीसुद्धा सोडली नाही, खाताना पुकारा झाला तर? शेवटी शिपाईच म्हणाला, "आजोबा, तुमच्यावर तर वॉरंट निघालं की."

हो, पैसे घेतले होते. फेडायलाच पाहिजेत, पतसंस्थेतल्या ठेवीही गावातल्याच लोकांच्या असतात. मान्य. पण तारीख चुकणं म्हणजे पळून जाणं नव्हे.

वकिलाने सकाळी हजेरी माफीचा अर्ज टाकला असता तर बहुतेक भागलं असतं. पण आप्पांचा वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात, फोन बंद. कमी उत्पन्न असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे तसा. समन्स घरी येतं, पण हे सांगायला कुणी येत नाही. लोकअदालतीत तडजोड होते, हेही आम्हाला पुढे दीड वर्षाने कळलं.

वॉरंट रद्द करून घ्यायला दोन हेलपाटे, वकिलाचे दोन हजार, कोर्टात पाचशे दंड. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत, त्याच्याकडून हे!

तुम्ही म्हणाल, एक फोन करायचा पोराला. केला होता. त्या दिवशी आप्पांचे तीन मिस्ड कॉल होते माझ्या मोबाईलवर. मी मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी केला, तर म्हणाले, "काही नाही रे, जेवलास का?" वॉरंटचं मला आठ दिवसांनी आईकडून कळलं.

तर आज. पोलीसदादा खरंच भला माणूस. म्हणाला, जामीनपात्र आहे, कुणीतरी जामीन राहा, हमीपत्र लिहून द्या, पुढच्या तारखेला हजर राहायचं, विषय संपला. मी आजूबाजूला बघितलं. हसणारे चेहरे कुणीच खाली उतरले नव्हते. मी सही केली. काका माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "साहेब, तुमची गाडी पुसायची राहिली."

काय बोलणार यावर?

पुढची तारीख २३ ला आहे, लातूरकडे. तिकडे चेकच्या केसेस बघणारे कुणी ओळखीचे वकील असतील तर इनबॉक्स करा. आदल्या रात्रीच्या गाडीत मीच त्यांना बसवून देणार आहे. त्या दिवशी बारा तास गेटवर कोण उभं राहणार, हे सकाळीच ग्रुपवर विचारलंय. तिथे अजून एकही हसणारा चेहरा आलेला नाही.